पणजोबांचे शिशाचे सैनिक आणि काकांचा सेंच्युरियन: किती साफ करायचं, किती रंगवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की खानापूर तालुक्यातल्या जुन्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांनी फौजेतून येताना आणलेले शिशाचे सैनिक निघालेत, काहींची मुंडकी तुटलीत, काहींवर पांढरी पावडर आलीय, आणि त्याच ट्रंकेत काकांनी ऐंशीच्या दशकात जोडलेला प्लास्टिकचा सेंच्युरियन टँक, म्हणजे आपल्या लष्करानं वापरलेल्या ब्रिटिश रणगाड्याचं मॉडेल, आहे, त्याची तोफ मोडलीय, ट्रॅक चाकांना चिकटलेत, नंबरांचे स्टिकर पिवळे पडलेत. घरच्यांना सगळं नव्यासारखं करून शोकेसमध्ये ठेवायचंय, म्हणून जुना रंग कशानं काढायचा आणि नवा कुठला मारायचा असं विचारलंय.

रंग काढायचं नंतर सांगतो, कारण तुमच्या केसमध्ये बहुतेक तो काढायचाच नाही. मी बेळगावात टिळकवाडीत राहतो, उद्यमबागेत पॅटर्न आणि कास्टिंगच्या कामात आयुष्य गेलं, मॉडेलचा नाद शाळेपासूनचा, आणि आता आसपासच्या गावांतले लोक अशा जुन्या वस्तू घेऊन येतात. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात असल्यामुळं आपल्याकडं गावागावात फौजी घरं आहेत, आणि अशा ट्रंका भरपूर. या सगळ्या कामात मी एकच नियम पाळतो, जे काही लावायचं ते उद्या परत काढता आलं पाहिजे, आणि जे काढलं की परत मिळणार नाही त्याला हात लावायच्या आधी चार दिवस थांबायचं. पणजोबांच्या सैनिकावरचा मूळ रंग एकदा गेला की गेला वो, तो जगातला कुठलाही पेंटर परत आणून देऊ शकत नाही.

आधी पांढऱ्या पावडरीचं बघू, ते सगळ्यात अर्जंट. ती धूळ नाही की बुरशी नाही, शिसं खराब होऊन तयार झालेलं लेड कार्बोनेट आहे आणि ते विषारी आहे. होतं कसं तर लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा, काही गोंद यातून वर्षानुवर्षं अगदी थोडी थोडी अॅसिडची वाफ निघत असते, अॅसेटिक आणि फॉर्मिक, त्यात आपल्या पावसाळ्याचा दमटपणा मिळाला की शिशाचं आधी अॅसिटेट होतं, मग हवेतला कार्बन डायऑक्साईड त्याचं कार्बोनेट करतो, आणि हे होताना ते अॅसिड परत मोकळं होऊन पुढचं शिसं खायला लागतं. म्हणून हे एकदा लागलं की आपोआप थांबत नाही, आणि म्हणूनच वरून रंग मारून ते झाकता येत नाही, आत चालूच राहतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत नवा रंग पापडासारखा उचलून येतो. ट्रंक पत्र्याची असून हे झालं कसं, तर सैनिक पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या पेपरात गुंडाळलेले होते असं तुम्हीच लिहिलंय, ते खोकं आणि तो पेपरच कारण. आज आत्ता त्यातून बाहेर काढा. ज्यांच्यावर पावडर आहे ते वेगळे, ज्यांच्यावर नाही ते वेगळे, पण खोक्यावर काही छापलेलं, लिहिलेलं असेल तर खोकं टाकू नका, फक्त सैनिकांपासून लांब ठेवा.

हात लावताना नायट्राईलचे हातमोजे आणि एन९५ मास्क पाहिजेच. कोरड्या ब्रशनं झटकायचं नाही, फुंकर मारायची नाही, कोरडा पॉलिश पेपर तर अजिबात घासायचा नाही, कारण जुन्या रंगातसुद्धा शिसं असतं. लहान पोरं, घरात गरोदर बाई असेल तर ती, यांना त्या खोलीत येऊ देऊ नका. आणि काम करताना तोंडात तंबाखू, सुपारी काहीही नको, निपाणीकडचे माझे मित्र यावरून रागावतात पण हाताचं शिसं पोटात जायचा रस्ता तोच आहे. काम झालं की टेबल ओल्या कापडानं पुसून ते कापूस, कापड, हातमोजे सगळं पिशवीत बंद करून टाका, परसात किंवा झाडाच्या मुळात टाकू नका.

आता साफ कसं करायचं. हार्डवेअरच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं, ते थोडं वाटीत घ्या, आधी सैनिकाच्या बेसखाली न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीनं लावून रंग सुटतोय का ते बघा. सुटत नसेल तर पावडर असलेली जागा त्यानं ओलसर करायची आणि बांबूची काडी, म्हणजे अगरबत्तीची काडी तासून केली तरी चालते, तिनं हळूहळू खरवडून कापसावर उचलून घ्यायची. लोखंडी सुई नको, शिसं मऊ असतं, चरा पडतो आणि तो कायमचा. बरेच जण व्हिनेगर किंवा लिंबानं साफ करा म्हणून सांगतात, त्यानं पावडर विरघळते हे खरं, पण जे अॅसिड शिशाला खातंय तेच परत पाजल्यासारखं होतं. आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवायचा सल्लाही ऐकू नका, शुद्ध पाणी शिशाला उलट जास्त लागतं, धूळ पुसायला जरासा ओलसर बोळा ठीक आहे, पण लगेच कोरडं करायचं.

खरवडून झाल्यावर खाली करडा उघडा धातू दिसेल, खड्डे दिसतील. तिथं मी पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन अॅसिटोनमध्ये अगदी पातळ करून बारीक ब्रशनं लावतो. संग्रहालयातले लोक हेच वापरतात कारण ते पिवळं पडत नाही आणि कितीही वर्षांनी अॅसिटोननं परत निघतं. ऑनलाईन मिळतं, महाग वाटेल पण थोडंसं पुरतं. फक्त उघड्या धातूवरच लावा, बाजूच्या जुन्या रंगावर गेलं तर अॅसिटोन तो रंग ओढून आणतो. त्यावर मग जेवढी जागा उडालीय तेवढीच पाण्याच्या अॅक्रिलिकनं भरायची, अॅक्रिलिक पूर्ण वाळल्यावर थोडं गडद होतं म्हणून शेड एक घर फिकी मिसळायची. कडेनं जुन्या रंगावर एक मिलिमीटरसुद्धा चढायचं नाही. लांबून सैनिक पूर्ण दिसतो, जवळून बघणाऱ्याला कळतं की इथं भरलंय, आणि तसं कळणंच मला योग्य वाटतं.

हे सैनिक कुणी बनवलेत ते बेसखाली बघा. ब्रिटिश फौजेतून आले असतील तर ब्रिटन्स कंपनीचे असायची शक्यता बरीच आहे. त्या कंपनीनं 1893 मध्ये पोकळ ओतकामाची पद्धत आणली, म्हणजे साच्यात शिसं ओतायचं, बाहेरचा थर गोठला की आतलं पातळ शिसं परत ओतून काढायचं. ओतकामात काम केलेल्या माणसाला यातली कारागिरी लगेच कळते, थर किती जाड धरायचा हे सगळं हाताच्या अंदाजावर. माल हलका झाला, शिसं वाचलं, किंमत उतरली आणि जगभर गेला. उंची 54 मिलिमीटर, ब्रिटिश इंडियन आर्मीच्या घोडदळाचेसुद्धा सेट होते, आणि 1966 पर्यंत हे शिशाचं काम चाललं. असे सैनिक असतील तर मूळ रंग कितीही उडालेला असो, नवा रंग मारलात तर त्याची संग्राहकाच्या लेखी असलेली किंमत जवळजवळ संपते. पण किमतीपेक्षा मला दुसरं महत्त्वाचं वाटतं. तो गालावरचा गुलाबी ठिपका, ती मिशीची एक रेघ त्या कारखान्यातल्या कुणीतरी बाईमाणसानं हातानं मारलेली आहे आणि तुमच्या पणजोबांनी तेच तोंड बघितलंय.

मुंडकं तुटणं हा पोकळ सैनिकांचा नेहमीचा आजार. गळ्याची भिंत पातळ असते, तिथंच मोडतं. जुना उपाय म्हणजे काड्यापेटीची काडी, डोक्याच्या आणि धडाच्या पोकळीत बसेल एवढी तासून मध्ये खुंटीसारखी घालायची आणि डोकं वर बसवायचं. आजही तो चालतो. फक्त तो लाकडाचा तुकडा असल्यामुळं मी त्याच्याऐवजी पितळी तार वापरतो, बाहेरून काही दिसत नाही. चिकटवायला परत पॅरालॉइडच, जरा घट्ट करून. फेव्हिकॉल नको, पांढऱ्या गोंदातून अॅसेटिकची वाफ येते आणि बरोबर गळ्याच्या आत, जिथं दिसणार नाही तिथं शिसं खराब व्हायला लागतं. फेव्हीक्विकसारखा सुपरग्लू अॅसिटोननं निघतो खरा, पण त्याचे पांढरे डाग कडेला उठतात, नाईलाज असेल तरच.

एक बघा, सगळेच सैनिक एवढे जपण्यासारखे असतील असं नाही. कुणी घरीच साच्यात ओतलेले, कुणी आधीच ऑइल पेंटचे दोन हात मारून ठेवलेले, असेही मध्ये मिसळलेले असतात. रंगाच्या जाड थरात नाकडोळे बुडालेत, आणि पायाखाली उडालेल्या जागी खालून वेगळाच जुना रंग दिसतोय, तर तो वरचा थर नंतरचा. असा एखादाच सैनिक निवडा आणि त्यावर हात चालवून बघा. धातूच्या सैनिकावरचा असा रंग अॅसिटोननं निघतो, धातूला काही होत नाही, खिडकी उघडी ठेवा आणि गॅस-शेगडी जवळ नको. कॉस्टिक सोड्यात टाकू नका.

आता टँक. प्लास्टिकचं शास्त्र पूर्ण वेगळं, वर जे लिहिलं त्यातलं जवळजवळ काहीच इथं चालत नाही. हे प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि अॅसिटोन, एनसी थिनर, गाड्या रंगवायचा थिनर यातलं काहीही लागलं की ते वितळतं. ट्रंकेत कपड्यांसाठी डांबरगोळ्या होत्या का ते आठवा, आपल्याकडं फौजी ड्रेस ठेवला की डांबरगोळ्या टाकतातच, पण त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ आणि चिकट करते. टँकचा पृष्ठभाग हाताला चिकचिक लागत असेल तर हेच झालंय, मोकळ्या हवेत सावलीत बरेच दिवस उघडा ठेवा, तोपर्यंत पुसू नका, बोटाचे ठसे कायमचे उमटतात.

ट्रॅक चाकांना चिकटलेत ते गोंदानं नाही. जुन्या किटमधले काळे रबरासारखे ट्रॅक व्हिनाईलचे असतात, त्यांना मऊ ठेवणारं जे द्रव्य आत असतं ते हळूहळू बाहेर येऊन शेजारचं पॉलिस्टायरीन विरघळवतं. चाकांवर ट्रॅकचा ठसा उमटलेला दिसेल. ओढून काढू नका, पातळ ब्लेड किंवा दातांच्या फटी साफ करायचा मेण लावलेला धागा मध्ये घालून पुढं-मागं करत सोडवा. खड्डे पडलेल्या चाकांत पुट्टी भरून बारीक पेपरनं पाणी लावून घासलं की काम होतं, सेंच्युरियनला एका बाजूला सहाच रोडव्हील, त्यामुळं फार नाही. तेच ट्रॅक परत घातले तर तेच परत होणार, त्यामुळं एकेक कडी जोडायचे प्लास्टिकचे ट्रॅक वेगळे मागवणं उत्तम, आणि जुने वेगळ्या पिशवीत ठेवून द्या. जुनेच घालायचे असतील आणि ते तुटले असतील तर सुईदोऱ्यानं शिवा आणि जोड वरच्या बाजूला न्या. सेंच्युरियनच्या कडेला त्या लांब पत्र्याच्या प्लेटा असतात, त्यांच्याआड जोड लपून जातो.

तोफ मोडलीय म्हणताय, पण तुकडा आहे का? असेल तर दोन्हीकडं मधोमध बारीक हातड्रिलनं भोक पाडून पितळी तार घाला आणि जोडा, नुसत्या गोंदानं टिकत नाही. तुकडा हरवला असेल तर मिळेल ती नळी लावू नका. सेंच्युरियनवर अगदी सुरुवातीला 17 पाउंडर, मग 20 पाउंडर तोफ होती आणि पुढं 105 मिलिमीटरची आली. 20 पाउंडरच्या एका जातीची नळी सरळ, आणि नंतरच्या जातीला मध्येच धूर काढायचा फुगीर भाग, 105 लाही तसा भाग आहे पण त्याचा आकार वेगळा. उरलेल्या बुडख्यावरून आणि किटच्या कागदावरून कुठली ते ठरवा. प्रत्यक्ष टँक बघायचा असेल तर नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बेळगावहून एका दिवसाच्या प्रवासावर आहे, सेंच्युरियन आणि आपल्याकडं बनलेला विजयंता टँक दोन्ही तिथं उभे आहेत, आणि फोटोवरून जे कळत नाही ते, म्हणजे ओतीव पोलादाच्या बुरुजाचा खडबडीतपणा, तिथं समोर उभं राहिलं की कळतो. मॉडेलवर बुरुज गुळगुळीत करून टाकणाऱ्यांना मी नेहमी तिकडं जाऊन या म्हणतो.

टँकवरचा रंग. काकांनी ब्रशनं मारलाय, रेघा दिसतात, हिरवा जरा भडक आहे असं तुम्ही लिहिलंय. माझं मत, तो ठेवा. चुलीच्या धुराचा थर आणि धूळ तेवढी काढा, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मेकअपचा मऊ ब्रश, आणि स्टिकरच्या जागा सोडून. त्यावर मूळ रंग किती ताजा निघतो ते बघून मग घरी बोला, बरेच लोक तिथंच थांबतात. स्टिकर, म्हणजे पाण्याचे डेकल, किटच्या डब्यात न वापरलेले शिल्लक असतील तर त्यांचा पिवळेपणा जातो, पारदर्शक पिशवीत बंद करून खिडकीच्या काचेला आतून उन्हाच्या बाजूनं काही दिवस लावून ठेवायचे. वापरण्याआधी त्यावर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, पातळ हात द्या, नाहीतर पाण्यात पडताच तुकडे होतात.

आणि सगळं बघूनही घरच्यांना तो पुन्हा रंगवायचाच असेल, तर सांगतो. पॉलिस्टायरीनवरचा इनॅमल किंवा अॅक्रिलिक काढायला आपलं डेटॉल चांगलं, बिनपाण्याचं, त्यात काही तास ते एक दिवस ठेवायचं आणि जुन्या टूथब्रशनं घासायचं. पण मध्येच पाण्याखाली धरू नका, डेटॉल, सुटलेला रंग आणि पाणी एकत्र आले की चिकट डांबर होतं आणि ते निघता निघत नाही, आधी ताज्या डेटॉलनंच धुवायचं, रंग पूर्ण गेला की मग साबण-पाणी. नंतर प्रायमर. ऑटो पेंटच्या दुकानातला स्प्रे सरफेसर वापरणार असाल तर आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघा, काही ब्रँड चमचा खातात.

कुठला हिरवा? भारतीय लष्कराचा ऑलिव्ह ग्रीन मिसळताना मी टामिया या जपानी मॉडेल कंपनीचा एक्सएफ-62 ऑलिव्ह ड्रॅब पाया धरतो, तो अमेरिकन गाड्यांचा, आपल्यासाठी जरा तपकिरीकडं झुकतो, म्हणून त्यात एक्सएफ-5 हिरवा, आणि शेवटी एक्सएफ-57 बफ, म्हणजे फिकट पिवळसर मातकट. हा बफ कशाला ते नीट समजून घ्या. 1/35 चं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं, मॉडेल तुम्ही हातभर अंतरावरून, धरा 30 सेंटिमीटरवरून बघताय, म्हणजे खरा टँक सुमारे साडेदहा मीटरवरून बघितल्यासारखं. तेवढ्या अंतरावर मधली हवा आणि उजेड रंगाला फिका आणि मळकट करतात. म्हणून खऱ्या टँकचा पत्रा खरवडून आणून हुबेहूब शेड मिसळली तरी मॉडेलवर ती काळपट आणि खेळण्यासारखी दिसते. पांढऱ्यानं फिका केला तर खडूसारखा होतो, बफनं उन्हातला होतो. खोलगट जागेत गडद, वरच्या सपाट भागावर आणखी फिका, एवढं जरी केलं तरी पुरे. एअरब्रश, म्हणजे हवेनं रंग फवारणारं छोटं पेन, असेल तर हवेचा दाब 15 ते 20 पीएसआय, आणि वर्कशॉपचा कॉम्प्रेसर मागून आणणार असाल तर तेल-पाणी अडवणारा ट्रॅप लावल्याशिवाय नळी जोडू नका, उद्यमबागेतल्या कॉम्प्रेसरच्या टाकीतून पावसात किती पाणी निघतं ते मी बघितलंय.

पावसावरून आठवलं, हे आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटी भागात स्प्रे करायचाच नाही, विशेषतः मॅट वार्निश. हवेतला ओलावा थरात अडकतो आणि सगळं पांढरट, दव धरल्यासारखं होतं. झालंच तर घाबरून घासू नका, कोरड्या दिवशी वरून ग्लॉस क्लिअरचा, टामियाचा एक्स-22 चालेल, एक हात दिला की बऱ्याचदा पांढरेपणा निघून जातो, मग परत मॅट. पावसाळ्यात साफसफाई, जोडणी, पुट्टी ही कामं करा आणि रंग दिवाळीनंतर. उलट डिसेंबर-जानेवारीत आपली हवा एवढी कोरडी होते की ब्रशच्या टोकावरच अॅक्रिलिक वाळतो, तेव्हा वाळणं लांबवणारं रिटार्डर दोन थेंब घाला.

चिखल-मातीबद्दल एक सांगतो कारण हे मी सारखं बघायलोय. लोक अंगणातली लाल माती चाळून टँकला लावतात. आपली खानापूरची जांभ्याची लाल माती कितीही आवडती असली तरी सेंच्युरियन लढला तो पंजाबच्या सपाट मैदानात. 1965 ला फिल्लोऱ्याला पूना हॉर्स आणि लेफ्टनंट कर्नल तारापोर, 1971 ला 16 डिसेंबरला बसंतरला त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघांनाही परमवीरचक्र मरणोत्तर, दोघांचेही टँक सेंच्युरियन. तिकडची नदीकाठची गाळाची माती फिकट, राखाडी-तपकिरी. लाल चिखल लावलात की जाणकाराला तो टँक खोटा वाटतो. आणि खरी माती लावायचीच नाही, तिच्यात काडीकचरा असतो, पावसाळ्यात बुरशी धरते. मुलतानी मातीत कणभर काजळी आणि गेरू मिसळून मलमलच्या कापडातून चाळलं की पंजाबच्या धुळीचा चांगला रंग येतो, चाकांवर, मडगार्डवर टर्पेंटाइनच्या थेंबानं बसवायचा. थोडंच. आणि हे काकांच्या मूळ रंगावर नाही, फक्त नव्यानं रंगवलेल्यावर.

तुम्ही शेवटी लिहिलंय की सोबत ठेवायला पणजोबांसारखा एक मराठा सैनिक नवीन रंगवायचाय, तो विचार मला सगळ्यात आवडला, कारण नवीन मूर्तीवर तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. पणजोबा कुठं आणि कधी होते ते आधी काढा, पेन्शनचे कागद, मेडलच्या कडेवरचा नंबर आणि नाव. इटलीत असतील तर सीझन बघा, उन्हाळ्यात खाकी ड्रिल, थंडीत लोकरीचा जाड बॅटलड्रेस, दोन्हीचे रंग वेगळे, एक वाळूकडं जाणारा आणि एक तपकिरी. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई 10 जुलै 1944 ची, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातली, आणि शिपाई नामदेव जाधव यांची 9 एप्रिल 1945 ची, सेनिओ नदीवरची. एकाच रेजिमेंटचे, एकाच देशात, पण तारीख बदलली की अंगावरचा कपडा बदलू शकतो. ऑलिव्ह ग्रीन हा स्वातंत्र्यानंतरचा, तो दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठ्याला घालू नका, आणि आताचा डिजिटल ठिपक्यांचा ड्रेस तर जानेवारी 2022 चा.

चेहऱ्यासाठी किटच्या कागदावर फ्लेश म्हणून जो रंग सांगतात तो गोऱ्या युरोपियन माणसाचा गुलाबी. त्यात तपकिरी ओतून आपला माणूस होत नाही, आजारी दिसतो. मी कॅमलच्या ऑइल ट्यूब घेतो, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर, उजेडाच्या जागी ऑकर वाढवत न्यायचा, सावलीसाठी काळा कधीच नाही, सिएनात किंचित अल्ट्रामरीन निळा, ओठाला सिएनात लालचा अंश. ट्यूबमधला रंग आधी तासभर पुठ्ठ्यावर काढून ठेवा, जादाचं तेल शोषलं जातं आणि चकाकी जाते. डोळ्याला पांढरा शुभ्र नको, दहा मीटरवरच्या माणसाच्या डोळ्याचं पांढरं तुम्हाला दिसतं का? वरच्या पापणीची एक गडद रेघ आणि तिच्याखाली सावली, बास. आपल्याकडं शिवजयंतीच्या चित्ररथांवर सजीव देखावे असतात, त्यात तोंडं रंगवणाऱ्या लोकांचं काम जवळून बघा, गालाखाली, नाकाच्या बाजूला सावली ते किती धीटपणे घालतात, रस्त्याच्या त्या कडेवरून चेहरा वाचता आला पाहिजे म्हणून. लहान मूर्तीला नेमकं तेच लागतं. ब्रश कोलिन्स्की सेबलचा, म्हणजे खऱ्या प्राण्याच्या केसांचा, 1 नंबर, टोक चांगलं असेल तर त्यानं मिशीचा केससुद्धा येतो, शून्य-शून्यवाल्या बारीक ब्रशात रंग राहतच नाही. आणि टोक करायला ब्रश जिभेला लावायची सवय असेल तर ती आजच सोडा. हात बसवायला दिवाळीत किल्ल्यांवर ठेवायचे मावळे बाजारात येतात, त्यातले डझनभर घ्या आणि त्यांच्या तोंडावर सराव करा, पोरं पण खूश.

शोकेस. इथंच सगळ्यांचं घोडं अडतं, कारण सुताराला सांगून नवीन प्लायवूडचं, सागवानी पट्टीचं, पॉलिश मारलेलं छान कपाट होतं आणि काच सिलिकॉननं चिकटवली जाते. शिशाच्या सैनिकांना यापेक्षा वाईट जागा नाही. प्लाय आणि एमडीएफमधून वाफ येते, ताजं पॉलिश आणि ताजा ऑइल पेंटही वाळेपर्यंत वाफ सोडतात, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर सरळ अॅसेटिक अॅसिडच सोडतं. सैनिकांसाठी काच आणि पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याचं कपाट घ्या, काच चिकटवायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागा, दुकानदाराला त्या नावानं कळतं, आणि अगदी हवाबंद करू नका. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, पावसाळ्यात बदलत राहा. नवीन रंगवलेला मराठा सैनिक पूर्ण वाळून वास जाईपर्यंत, ऑइलला महिना-दीड महिना धरा, त्यांच्याबरोबर ठेवायचा नाही. टँकला हे सगळं लागत नाही, त्याला फक्त ऊन आणि पत्र्याच्या छपराखालची एप्रिलची उष्णता नको, प्लास्टिक वाकतं.

प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी करा, काय सापडलं, काय काढलं, कुठं काय लावलं आणि कशानं निघेल. आणि सैनिक खोक्यातून बाहेर काढून ठेवले की पुढं कशालाही हात लावायच्या आधी मला तीन फोटो पाठवा, सैनिकांच्या बेसची खालची बाजू, पावडर सगळ्यात जास्त असलेल्या सैनिकाचा जवळून, आणि टँकच्या तोफेच्या मोडलेल्या बुडख्याचा, बाजूला पट्टी ठेवून. उजेड दिवसाचा, सावलीतला, फ्लॅश नको. बेसवरचं नाव दिसलं की कुठले सैनिक तसेच ठेवायचे आणि कुठला सरावाला घ्यायचा ते एकेक करून सांगतो.